‘पूर्णपणे’ या चौकटीतली खूण

मी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवतो. दर वर्षी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की माझ्या टेबलावर कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा येतो. वर छापलेलं असतं, ‘भागीदाराचा अभिप्राय’. मुलं बाहेर जातात, एखाद्या कारखान्याचा, दवाखान्याचा नाहीतर गावाचा प्रश्न शोधतात, त्यावर काहीतरी तयार करतात आणि शेवटी तिथल्या माणसाची सही घेऊन येतात. ही पद्धत चांगली आहे असं मी अजूनही मानतो. पण तो गठ्ठा मी लगेच हातात घेत नाही. असाच एक फॉर्म विद्यार्थी असताना मी स्वतः भरून घेतला होता, आणि त्यामुळे एका बाईला गावात बोलावणं बंद झालं.

आमचं गाव शिरपूर तालुक्यात. वडील गावापासून शिरपूरपर्यंत काळी-पिवळी चालवायचे. जळगावला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला त्या दिवशी प्रत्येक फेरीत त्यांनी नव्या प्रवाशांना तीच बातमी सांगितली. एका म्हातारबाबांना जाताना आणि येताना अशी दोनदा ऐकावी लागली. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. पहिल्या सहामाहीत गणित राहिलं तेव्हा मी बॅग भरून घरी निघालो होतो. एका सरांनी मला जिन्यात अडवलं. पुढचे चार महिने दर रविवारी त्यांनी मला घरी बोलावून गणित शिकवलं. इंग्रजीत बोलताना माझी जीभ अडखळायची, तर म्हणाले, “तू मराठीत सांग, मी समजून घेईन.” त्यांच्या बायकोच्या हातची कढी-खिचडी मी कितीदा खाल्ली त्याचा हिशोब नाही. पुढे तेच सर आमच्या प्रोजेक्टचे गाईड झाले. हे आधी सांगतो, कारण नंतर जे झालं ते त्यांचे उपकार बाजूला ठेवून समजणार नाही.

त्या वर्षी कॉलेजने बाहेरचा भागीदार सक्तीचा केला होता. ज्यांचे काका-मामा पाइपच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये होते त्यांची सोय आठवड्यात झाली. आमच्या चौघांच्या गटाला कोणीच मिळेना. शेवटी सरांनी अमळनेरकडच्या एका गावातल्या बचत गटाशी आमची गाठ घालून दिली. आठ बायकांचा गट होता. त्या बिबड्या करायच्या.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची, आणि ते गरम पीठ ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापून उन्हात वाळवायचं. हे एकटीचं काम नाही. चैत्रात आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे असं चालतं. पहाटेच बोलावणं येतं, बायका जमतात, थापता थापता सगळ्या गावाची खबर निघते. ज्या बाईला बोलावणं येत नाही, तिचं काय झालं हे कोणाला विचारावं लागत नाही.

गटाच्या प्रमुख बाईंना सगळे अक्का म्हणत. साठीच्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांची सून बारावी झालेली होती, गटाची वही तीच लिहायची. आम्ही तिला वहिनी म्हणू लागलो. आमच्याशी ती पुस्तकातली मराठी बोलायची आणि सासूकडे वळली की अहिराणी.

पहिल्याच भेटीत बायकांनी आम्हाला पाटावर बसवलं आणि हातात पीठ दिलं. माझ्या जळगावच्या मित्राने थापलेली बिबडी बघून एक आजी म्हणाली, “हाई बिबडी शे का जळगाव जिल्हाना नकासा?” सगळ्या हसल्या. तो म्हणाला, “आजी, यात तुमचा तालुका पण आहे.” आजी म्हणाली, “मंग तालुकाले भोक काबर पाडं?”

आमचं हसून झाल्यावर अक्कांनी मुद्दा सांगितला. उन्हाळ्यात केलेला माल गणपतीपर्यंत संपतो. दिवाळीला पुण्या-मुंबईची माणसं घरी येतात, तेव्हा जळगावची दुकानं बिबड्या मागतात आणि यांच्याकडे काहीच नसतं. श्रावणात बिबड्या वाळवता आल्या तर गट बारा महिने चालेल.

“उन्हायामा आमले देव वाळाडी देस,” त्या म्हणाल्या. “आमले पावसायामा वाळाडानं यंत्र पाहिजे. घरोघर पऱ्हाटी पडेल शे. पऱ्हाटीवर चालनारं करा.”

पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. मी वहीत लिहून घेतलं: पावसाळा. पऱ्हाटी. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सरांना दाखवलं तर त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “धूर, भट्टी, हे कॉलेजने दिलेल्या विषयांच्या यादीत कुठे बसवणार? सौर बसतं. सौर ड्रायर करा, पऱ्हाटीचं पुढच्या बॅचला देऊ.” सर कंत्राटावर होते. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती आणि आमच्या विभागाचे गुण कमी पडले तर पहिली नोकरी कोणाची जाईल हे त्यांना ठाऊक होतं. मला हे तेव्हा अर्धवट कळत होतं. पावसाळ्यात सूर्य कुठून आणायचा हे मात्र चौघांपैकी कोणी विचारलं नाही. सर म्हणाले आहेत, म्हणजे त्यांनी विचार केला असेल. मी तर तसाच वाढलो होतो.

पेटी आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवली. पत्र्याला आतून काळा रंग, वर तिरकी काच, आत जाळीचे चार ट्रे, सौर पॅनेलवर चालणारा छोटा पंखा. मनापासून काम केलं, ते खोटं नव्हतं. काचेच्या कडेला रबर बसवताना माझं बोट कापलं तेव्हा मला ते भूषणासारखं वाटलं होतं. होस्टेलवर ज्वारीचं पीठ कोण शिजवून देणार, म्हणून चाचणी आम्ही कांद्याच्या आणि बटाट्याच्या चकत्यांवर घेतली. आलेख सुंदर आले.

मे महिन्यात पेटी टेंपोत घालून गावात नेली. अक्कांनी तिला हळद-कुंकू लावलं. वहिनीने बिबड्या थापल्या. गटात तिचाच हात सगळ्यात पातळ होता. दुपारी ट्रे काढले तर सगळ्या बिबड्या कडेने वर वळलेल्या आणि मधून तडकलेल्या. बाहेरून कडक, आत ओल्या. काळ्या पेटीत मे महिन्याचं ऊन म्हणजे भट्टीच झाली होती. शेजारच्या खाटेवर साध्या उन्हात वाळलेल्या बिबड्या सपाट आणि अखंड होत्या.

बायकांनी तुकडे गोळा केले, तळले, आम्हालाच ताटात वाढले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, ठेचा आणि ते तुकडे.

“चव चांगली शे,” एक म्हणाली.

“पोऱ्यास्नी कितली मेहनत लिन्ही,” दुसरी म्हणाली.

अक्का म्हणाल्या, “चांगली शे, चांगली शे,” आणि मला दुसऱ्यांदा चहा दिला.

मित्राने मोबाइलवर ते सगळं रेकॉर्ड केलं. वापरणाऱ्यांचा प्रतिसाद म्हणून ते सादरीकरणात लागणार होतं. मी मात्र त्याच मुलखातला. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला आमच्याकडे वाईट म्हणत नाहीत, आणि एकच गोष्ट दोनदा चांगली म्हटली की ती आवडलेली नसते, हे मला आईच्या मांडीवर असल्यापासून कळतं. तरी मी भाकरी मोडत राहिलो.

चार-पाच तुकडे मी कागदात बांधून घरी नेले. आईला न सांगता तिच्यापुढे ठेवले. तिने एक तळला, चावला आणि लगेच म्हणाली, “भट्टीवर वाळायेल लागस. मझार कच्ची शे. कोनी करी हाई?” मझार, म्हणजे आतून.

मी म्हणालो, “आमच्या कॉलेजच्या यंत्रात वाळवली.”

आईने हातातला तुकडा परत एकदा बघितला. “मंग चांगलीच हुई,” ती म्हणाली. “मले काय समजस त्यामानं.”

चाळीस वर्षं बिबड्या करणारी बाई कॉलेजचं नाव ऐकून आपल्या जिभेवरचा विश्वास सोडते, हे मी समोर बसून बघितलं. तेव्हा मला तिचं हसू आलं होतं. आज येत नाही.

जळगावला परतल्यावर मी सरांकडे गेलो. धीर करून बोललो, “सर, कडा तडकतात. आणि पावसाळ्यात ही चालणार नाही.”

सर फायली लावत होते. मान वर न करता म्हणाले, “रिपोर्टमध्ये शेवटी ‘भविष्यातील सुधारणा’ असं प्रकरण असतं. त्यात लिही.”

“पण अभिप्रायात काय लिहायचं?”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. थकलेले होते. “समितीला पुढच्या आठवड्यात फॉर्म दाखवायचे आहेत. तू हुशार मुलगा आहेस. तुझ्या शब्दावर त्या सही करतील. मी दुसऱ्या कोणाला पाठवत नाही, तुलाच पाठवतोय.”

ज्या माणसाने मला जिन्यातून परत वर्गात नेलं, त्याला मी नाही कसं म्हणणार होतो? माझ्याकडे द्यायला दुसरं होतं तरी काय! मी एकटाच एसटीने गेलो.

अक्का ओट्यावर धान्य पाखडत होत्या. वहिनीने फॉर्म घेतला आणि मोठ्याने वाचला. आपल्या समस्येचे निराकरण झाले का? पुढे तीन चौकटी होत्या. पूर्णपणे. काही अंशी. नाही.

वहिनीने पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, ‘काही अंशी’ लिहूया का? कडा तडकल्या होत्या ना त्या दिवशी. आणि पावसात तर अजून बघितलीच नाही.”

तिने किती सरळ विचारलं होतं! माझ्या तोंडून फक्त हो निघायला हवं होतं. मी म्हणालो, “वहिनी, ‘पूर्णपणे’ लिहिलं तर कॉलेजला बरं पडेल.”

तिने सासूकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, “तो सिकेल शे, तो सांगस तठे खून कर.” वहिनीने खूण केली. अक्कांनी खाली एकेक अक्षर जोडत सही केली. मग सूप बाजूला ठेवून विचारलं, “मंग भाऊ, आवंदा सरावनमा बिबड्या करूत ना? मी बायास्ले सांगस.”

मी म्हणालो, “करा.”

फॉर्मची एक प्रत नियमाप्रमाणे भागीदाराकडे ठेवायची होती. ती अक्कांनी फ्रेम करून घेतली.

आमच्या प्रोजेक्टला कॉलेजात पहिला क्रमांक मिळाला. नोकरीच्या मुलाखतीत मी दहा मिनिटं त्या पेटीवर बोललो, तेही इंग्रजीत, न अडखळता. समोरच्या साहेबांना गावातल्या बायकांचा भाग फार आवडला. वडिलांनी पुन्हा गाडीत बातमी सांगितली.

ऑगस्टमध्ये मी पुण्यात ट्रेनिंगला होतो. अक्कांचा फोन आला. “भाऊ, पेटीमा बिबड्या आंबी गयात. बुरसी लागनी. अजून कितला दिन ठेवू?”

मी कंपनीच्या व्हरांड्यात उभा होतो. आत सगळे बसलेले दिसत होते. मी म्हणालो, “ऊन पडलं की वाळतील, अक्का.”

“ऊन कथाईन पडी आते?” त्या म्हणाल्या. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग, “बरं, तू काम कर,” म्हणून त्यांनीच फोन ठेवला. परत त्यांचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

मधल्या वर्षांत नोकरी झाली, पुढचं शिक्षण झालं, धुळ्याला शिकवायला लागलो. गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं की जुन्या भागीदारांकडून ‘प्रकल्पाचा दीर्घकालीन उपयोग’ अशी पत्रं आणली तर समितीपुढे छाप पडते. “तुमचा तो बिबड्यांचा प्रोजेक्ट होता ना? जळगावचा असला तरी चालेल, अनुभव तुमचाच.” मी गेलो. पत्रासाठीच गेलो, हे लपवत नाही.

पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला लावलेली दिसली. काचेआड सूचना आणि मुलांची चित्रं टाचलेली. अक्का आता त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग घरी घेऊन गेल्या, पाणी दिलं, आईची चौकशी केली. गटाचं मी विचारलं.

“गट कथा ऱ्हायना आते,” त्या म्हणाल्या. “आमनाच हातले जमनं नई ते.”

मग हळूहळू सगळं निघालं. त्या श्रावणात आठही बायकांनी आपापल्या घरची ज्वारी आणली होती. अक्कांच्या शब्दावर. सगळं पीठ वाया गेलं. मग दोष कुठे आहे याचा शोध सुरू झाला. पेटीत दोष नव्हता. तसा कागद होता, इंजिनिअरने खूण करून घेतलेला, अक्कांच्या सहीचा, भिंतीवर काचेत लावलेला. ज्वारी तर आठ घरची. म्हणजे दोष हाताचा. सगळ्यात जास्त बिबड्या थापल्या होत्या वहिनीने. पाळीच्या अडचणीत असताना तिने पिठाला हात लावला असेल, असं अक्कांची मोठी जाऊ म्हणाली. दुसरीने मान डोलावली. एवढं पुरलं. पुढच्या चैत्रापासून वहिनीला बिबड्यांना कोणी बोलावलं नाही. पापडाला नाही, कुरडयांना नाही. मग हळदीच्या कार्यक्रमालाही बोलावणं उशिरा येऊ लागलं.

“मीबी तिले दोन साल घालीपाडी बोलनी,” अक्का जमिनीकडे बघत म्हणाल्या. “कागद खोटा ऱ्हास का?”

मी सांगून टाकलं. पेटी पावसाळ्यासाठी नव्हतीच. मे महिन्यातच कळलं होतं. सही घ्यायला आलो तेव्हाही माहीत होतं. मला वाटतं मी रडलो, पण त्याचा इथे काही उपयोग नाही.

वहिनी आतल्या दारात उभी होती. किती वेळापासून, कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काहीच आलं नाही. ती म्हणाली, “भाऊ, हे इथे सांगून काय होणार? मला माहीतच होतं. त्या सगळ्यांच्या घरी चला. त्यांना सांगा.”

आम्ही तिघं निघालो. मी पुढे, मागे पदर घेतलेल्या अक्का, त्यांच्यामागे वहिनी. माझी बॅग अक्कांच्या ओट्यावरच राहिली, पत्राचा कागद तिच्यात होता.

पहिल्या घरी मी सगळं सांगितलं. त्या बाईने शांतपणे ऐकलं आणि हात जोडले. “कितलं मोठं मन शे, भाऊ. सिकेल मानूस. दुसरानी चूक आपला डोकावर लेस.”

मी म्हणालो, “नाही, खरंच चूक माझी आहे.”

“आसंच बोलनं पडस,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घरी म्हाताऱ्या सासूने विचारलं, “अक्कानी बलावं का तुले धुयाथाईन, सूननी बाजू लेवाले?” तिच्या सुनेने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मी जितकं जोर देऊन सांगायचो तितकं ते माझ्या चांगुलपणाच्या खात्यात जमा व्हायचं. माझ्या शिक्षणावर ठेवलेल्या विश्वासाने एकदा खोटं खरं झालं होतं. आता त्याच विश्वासापुढे माझं खरं उभं राहत नव्हतं. दोन घरांना कुलूप होतं, माणसं शेतात गेली होती. एका घरी ‘व्हई गयं ते व्हई गयं’ म्हणून विषय संपवला.

प्रत्येक घरी वहिनी उंबऱ्याबाहेर थांबायची. चौथ्या घरानंतर मी म्हणालो, “वहिनी, त्यांना पटत नाहीये.”

“एक राहिलंय,” ती म्हणाली.

शेवटचं घर त्या मोठ्या जावेचं. ती खाटेवर बसून वाती वळत होती. माझं सगळं बोलणं होईपर्यंत तिने हात थांबवला नाही. मोठं मन वगैरे काही म्हणाली नाही. तिला पटलं असावं, निदान मला तसं दिसलं. मग माझ्याकडे न बघता तिने दाराबाहेर उभ्या असलेल्या वहिनीला विचारलं, “आसं व्हतं तं तू तव्हयच काबर नई बोलनी?”

“मी तव्हयच सांगं व्हतं,” वहिनी म्हणाली. “तुमीनच मले कागद दखाडा.”

खाटेवरची बाई पुन्हा वात वळू लागली. आत ये असं तिने वहिनीला म्हटलं नाही. वहिनीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती वळली.

आम्ही अक्कांच्या घरी परतलो. ओट्यावरची माझी बॅग वहिनीने उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “पाच वाजता अमळनेरची गाडी येते. शाळेपाशी थांबते. निघा तुम्ही.”